सॅराटोगा स्पा स्टेट पार्क: बाबांना गरम कुंड मिळालं नाही

भारतातून आई-बाबा आले, नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, की पुढे काय हा प्रश्न न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी घरात पडतो. आमच्याकडे या वेळी उत्तर बाबांनीच दिलं. त्यांचे गुडघे दुखतात आणि डोंबिवलीहून वज्रेश्वरी-अकलोलीच्या फेऱ्या मारून गरम कुंडांवर त्यांची श्रद्धा बसलेली आहे. "एवढी मोठी तुमची अमेरिका, एक कुंड नाही होय?" म्हणाले. म्हणून सॅराटोगा ठरलं, खनिज पाण्याच्या झऱ्यांचं गाव. न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनीच्या थोडं वर. आय-८७ चा हायवे धरला की सरळ रस्ता आहे.

निघण्याआधीच एक गोष्ट सांगून टाकली: तिथलं पाणी जमिनीतून थंडच येतं. उन्हेरे, वज्रेश्वरी, गणेशपुरी असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. त्या पाण्याचा मोठेपणा उष्णतेत नाही, वायूत आहे. खाली चुनखडी आणि डोलोमाइटचे खडक, त्यांवर शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाचा, जाड थर. त्याखाली कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी दाबाखाली अडकतं आणि सॅराटोगाच्या भूभंगातून, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेतून, वाट मिळेल तिथे वर येतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि तरीही टॉवेल दोन जास्त घेतले.

कधी जायचं याला इथे फार महत्त्व आहे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत गावात घोड्यांच्या शर्यती असतात आणि हॉटेलांचे दर ऐकून माणूस गप्प बसतो. पार्कच्या आतच सॅराटोगा परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर आहे, १९६६ मध्ये सुरू झालेलं. न्यूयॉर्क सिटी बॅलेचं उन्हाळ्यातलं ठिकाण तेच. मोठा कार्यक्रम असला की संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. आम्ही शर्यतींच्या आधीचा, कामाचा वार निवडला. उन्हाळ्यात प्रवेशाचे पैसे गाडीमागे द्यावे लागतात, माणशी नाही. त्यामुळे गाडी भरून गेलेलं बरं.

सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे रूझवेल्ट बाथ्समधल्या आंघोळीची वेळ घेणं. ते घरूनच करावं, शनिवार-रविवार लवकर भरतात. आमची वेळ दुपारची होती, म्हणून सकाळ झऱ्यांना दिली.

इथे झरा म्हणजे दगडी कुंड, पायऱ्या, शेजारी देऊळ असं काही नाही. बहुतेक ठिकाणी छोटी छत्री किंवा दगडी चौथरा आणि त्यातून सतत वाहणारा नळ. प्यायला पैसे नाहीत, रांग नाही, पहारा नाही. आईने पर्समधून स्टीलचं फुलपात्र काढलं आणि तेच दिवसभर चाललं.

माझा सल्ला असा की सुरुवात स्टेट सील नावाच्या झऱ्यापासून करावी. ते साधं गोड पाणी आहे, बुडबुडे नाहीत, खारटपणा नाही. स्थानिक लोक गाडीच्या डिकीत मोठाले कॅन घेऊन येतात आणि भरून नेतात. त्यांच्याकडे बघून बाबांनीही आमच्या दोन बाटल्या भरून घेतल्या. तिथून गायझर क्रीकच्या ओढ्याकाठी उतरलं की हेझ वेल लागते. इथलं पाणी फसफसतं आणि खारट लागतं. शेजारी एक भोक आहे, त्यातून वायू हुंगायचा. पूर्वी सायनससाठी लोक हुंगत म्हणे. बाबांनी एकदम खोल श्वास घेतला आणि नाकात झणका बसून डोळ्यांत पाणी आलं. "मोकळं झालं," हे मात्र लगेच म्हणाले.

समोर ओढ्यात आयलंड स्पाउटर. पाण्याच्या मधोमध खनिजांचा साचून झालेला पिवळट ढिगारा आणि त्याच्या टोकातून हवेत उडणारी पाण्याची चिळकांडी. याला गायझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं कारंजं, म्हणतात, पण खरा गायझर वाफेवर चालतो, हा वायूच्या दाबावर. आत सोड्याची बाटली हलवत ठेवावी तसा प्रकार. थोडं पुढे चाललं की ओरेंडा झऱ्याचं पाणी उतारावरून ओढ्याकडे ओघळताना दिसतं. पाण्यातला वायू उडाला की त्यातला चुना खाली बसतो, तो बसत बसत अख्खी टेकडी झाली आहे. लोखंडामुळे तिच्यावर गंजाचे पट्टे. मला विचाराल तर अख्ख्या पार्कात बघण्यासारखी जागा हीच. स्पाउटरसमोर सगळे फोटो काढतात आणि इथून पुढे निघून जातात.

शेवटी हॅथॉर्न क्रमांक तीन. हा शेवटी ठेवायचं कारण चव. एवढं खारट आणि धातूच्या वासाचं पाणी की आधी प्यायलात तर बाकीच्यांची चवच कळणार नाही. आईने एक घोट घेतला, दुसरा झाडाला घातला. बाबांनी हट्टाने फुलपात्र संपवलं, तेव्हा मी थांबवलं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने एवढं सोडियम पोटात घालायचं कारण नाही. शिवाय इथल्या काही झऱ्यांत रेडियम या किरणोत्सारी धातूचा अंशही आहे. शंभर वर्षांपूर्वी लोक ते कौतुकाने सांगत असत, आज तेच कारण घोटभर चवीवर थांबण्याचं आहे. कॅन भरायचे ते स्टेट सीलवर.

एका गोष्टीचं मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं. एवढं पाणी फुकट वाहतंय, यावर कोणी कंपनी कशी बसली नाही? तर बसली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोडा फाउंटनला, म्हणजे सोड्याची पेयं विकणाऱ्या दुकानांना, वायू हवा होता, म्हणून गॅस कंपन्यांनी इथे विहिरी खणून पंप लावले. पाण्यातून वायू काढून विकायचा आणि पाणी टाकून द्यायचं. झरे आटू लागले. गावाचं पोट या झऱ्यांवर, त्यामुळे ओरड झाली. १९०८ मध्ये राज्याने असा उपसा रोखणारा कायदा केला, १९०९ मध्ये राखीव क्षेत्र स्थापन करून विहिरी आणि जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९११ मध्ये लिंड्स्ली विरुद्ध नॅचरल कार्बनिक गॅस कंपनी या निकालात कायदा टिकला. आपल्या जमिनीत खणलं तरी खालचा सामायिक साठा ओरबाडता येणार नाही, असा त्याचा रोख. बोअरवेलच्या स्पर्धेत शेजाऱ्याची विहीर आटलेली पाहिलेल्या बाबांना हे लगेच पटलं. "आमच्याकडे हा कायदा कधी लागू होणार?" त्यांनी मला विचारलं, जणू मी आमदार आहे.

दुपारी रूझवेल्ट बाथ्स. विटांची भारदस्त इमारत. मंदीच्या काळात सरकारी कामांमधून हा परिसर उभा राहिला आणि १९३५ मध्ये नवा स्पा सुरू झाला. फ्रँकलिन रूझवेल्ट आधी इथलेच गव्हर्नर, त्यामुळे नाव त्यांचं. हा सगळा परिसर १९८७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदलेला आहे.

बाबांची मुख्य काळजी कपड्यांची. "सगळ्यांसमोर?" तसं काही नाही. प्रत्येकाला वेगळी खोली, दार बंद. स्विमसूट घातला तरी चालतो, नाही घातला तरी कोणी विचारत नाही. परिचारक टब भरून देतो. टब लांब आणि खोल, गुडघे दुखणाऱ्याने चढता-उतरताना हात मागावा, ते देतात. पाणी चहासारखं तपकिरी दिसतं. ते लोखंड आहे, घाण नाही, हे आईला दोनदा सांगावं लागलं. खनिज पाणी थंड असल्यामुळे त्यात साधं गरम पाणी मिसळून ते कोमट करतात.

टबमध्ये बसल्यावर पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग अंगभर बारीक बुडबुडे चिकटतात, हातापायांवर रुपेरी लव आल्यासारखी. ते चोळून काढायचे नाहीत, स्वस्थ पडून राहायचं. पाय आपोआप वर येतात. पाणी फक्त कोमट असूनही अंग आतून गरम वाटतं, कारण हा वायू त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल करतो. साधारण चाळीस मिनिटांची ही आंघोळ असते. नंतर गरम चादरीत गुंडाळून पडायला देतात आणि तिथे बाबा घोरले, हे मला शेजारच्या खोलीतून ऐकू आलं.

गुडघा बरा झाला का? नाही. संध्याकाळी हलका वाटला एवढंच ते म्हणाले आणि मीही त्याहून जास्त दावा करणार नाही. पैसे वज्रेश्वरीच्या मानाने अर्थातच भरपूर लागतात. पण ज्यांना गर्दीतलं कुंड सहन होत नाही, त्यांना ही खासगी शांतता आवडेल. आईला तरी तीच आवडली.

उरलेल्या वेळात आम्ही पाइन वृक्षांच्या रस्त्याने फिरलो, व्हिक्टोरिया पूल या पोहण्याच्या तलावाच्या विटांच्या कमानी पाहिल्या आणि जुन्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातल्या मोटारींच्या संग्रहालयात गेलो. तिथून बाबांना बाहेर काढणं आंघोळीपेक्षा कठीण गेलं. गोल्फची मैदानं आम्ही गाडीतूनच पाहिली. हिवाळ्यात याच वाटांवर स्की घालून चालतात असं वाचल्यावर आई म्हणाली, "मग डिसेंबरात परत येऊ." तिचा परतीचा विमानप्रवास सप्टेंबरात आहे, ते मी आठवण करून दिलं. तारीख पुढे ढकलता येते का, हे ती गाडीतच फोनवर शोधू लागली.