साडेपाचची बैठक

गोव्यातल्या आमच्या मंडळाची संगीत सभा दर वर्षी कार्तिकातल्या एका रविवारी देवळाच्या सभामंडपात होते. पत्रिकेवर वेळ छापलेली असते सायंकाळी साडेपाचची. गावातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या लेखी मात्र ती साडेआठची, कारण मुंबई-पुण्याहून आलेले बुवा साडेआठला बैठकीवर बसतात. साडेपाच ते साडेसहा हा तास नवोदितांचा. मी मंडळात एकतीस वर्षं आहे, त्यांतली बावीस वर्षं चिटणीस होते, आणि माझ्यापुरती सभा म्हणजे तो एक तास.

समई पेटवणं, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, अहवालवाचन हे सगळं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाहुणे कुणीही असोत, भाषणात केसरबाई येतातच. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर आमच्या शेजारच्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, हे ऐकलं की मांडवात टाळ्या पडतात. मीही वाजवते. पण मला दर वेळी वाटतं, आठव्या वर्षी कोल्हापूरला शिकायला जाण्याआधी ती मुलगी केरीच्या देवळात गुणगुणली असेल तेव्हा ऐकायला कोण होतं? एखादी फुलं ओवणारी बाई, एखादा भटजी. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आमच्या मंडळात ती लिहून ठेवतात. हे भाऊंचं काम. मंडळ भाऊंनी उभं केलं आणि पहिल्या सभेपासून नेम घालून दिला, 'पयलीं भुरगीं, मागीर बुवा', म्हणजे आधी मुलं, मग बुवा. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही त्यांनी केली. नवोदिताचं नाव, गाव, राग, साथीला कोण, आणि त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येक श्रोत्याचं नाव तिच्यात लिहायचं. ती वही आता माझ्याकडे आहे. पहिली पानं वाळवीनं खाल्ली होती, ती मी उतरवून काढली.

भाऊ दर सभेला गायिका मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट सांगत. मोगूबाई पोरवयातच नाटक मंडळीत गेल्या. पुढे सांगलीत त्या रियाज करीत असत तेव्हा जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब उपचारासाठी तिथे आले होते. येता-जाता त्या घरावरून जाताना ते थबकत, ऐकत, आणि मग एक दिवस आपणहून शिकवायला आले. हे कोण, हे मोगूबाईंना आधी ठाऊकही नव्हतं. गोष्ट संपली की भाऊ म्हणत, "आपण खाँसाहेब नव्हे, शिकवणं आपल्याला जमायचं नाही. पण दारात थांबणं आपल्याला जमतं." साळावली धरणात गेलेलं मोगूबाईंचं कुर्डी गाव मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि तिथले लोक सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. एके वर्षी भाऊ आम्हा सात-आठ जणांना तिकडे घेऊन गेले. भेगाळलेल्या मातीत मोगूबाईंच्या घराचा म्हणून एक चौथरा दाखवतात. त्याच्यासमोर भाऊ पायातल्या वहाणा काढून कितीतरी वेळ उभे राहिले. आम्ही कुणी बोललो नाही.

नवोदितानं गाण्याआधी स्वतःच्या तोंडानं दोन शब्द बोलायचे, हाही भाऊंचाच नेम. निवेदकानं ओळख करून द्यायची नाही. आपण कुठले, कुणाकडे शिकतो, गाणं पहिल्यांदा कुठे कानावर पडलं, एवढं सांगायचं. ही दोन मिनिटं मला दर वर्षी हलवून जातात. मुलं घाबरलेली असतात, माईक तोंडापासून लांब धरतात, गुरूंचं नाव घेताना कानाला हात लावतात. काणकोणच्या एका मुलानं सांगितलं होतं, "बाबा माडावर चढायचे, मी खाली उभा असायचो. ते वरून अभंग म्हणायचे, म्हणून मला आवाज वर टाकायची सवय लागली." पेडण्याचा एक पखवाजी नुसता रडलाच. त्याचे मास्तर त्याच महिन्यात गेले होते. तो बोलला काहीच नाही, फक्त पखवाजाला कणीक लावत बसला, आणि आम्ही सगळे गप्प बसून ते पाहत होतो.

आणि ती मुलगी. सत्तरी तालुक्यातली, तेरा वर्षांची, परकर-पोलक्यात, आईबरोबर दोन कदंबा बसगाड्या बदलून आलेली. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला न विचारता लिहिणं बरं नव्हे. आमच्याकडे सगळ्यांना ते ठाऊक आहे. त्या दिवशी दुपारी पाऊस शिंतडून गेला होता, हवा ओली होती. तबल्याची शाई दमटून स्वर उतरत होता. तबलजी हातोडीनं गठ्ठे ठोकत होते. आमचे मिरजेहून आणलेले दोन तानपुरे अग्रशाळेतून, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतून, आणले तर एक बोलेचना. निवृत्त पोस्टमास्तरकाका तानपुऱ्यावर वाकले, घोडीवर तारेखालचा दोरा नखाच्या टोकानं सुताएवढा सरकवला, तार छेडली, पुन्हा सरकवला. तिसऱ्यांदा षड्ज असा काही फुलला की मुलीनं चटकन मान वर केली. तिची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, काळी पाच.

बोलायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "आमच्या वाड्यावरच्या सप्ताहात आजीचा पहारा मध्यरात्रीचा असायचा. मी झोपू नये म्हणून ती माझ्या हातात झांज द्यायची. माझी पहिली गुरू ती झांज." एवढं बोलून भीमपलास सुरू केला. दहाएक मिनिटं झाली आणि वीज गेली. माईक बंद, पंखे बंद, गाभाऱ्यातल्या समया तेवढ्या. मी उठून जनरेटरवाल्याकडे जायला निघाले, पण ती थांबलीच नाही. मध्यमावरून कोमल गंधारावर ती हळूच उतरत होती आणि मागे बसलेली माणसं एकेक करून उठून, आवाज न करता, जमखान्यावर पुढे सरकत होती. जनरेटर सुरू करू नकोस, असं मी हातानंच खुणावलं.

वहीत त्या दिवशी एकोणीस नावं आहेत. पुढच्या चाळीस खुर्च्या मान्यवरांसाठी राखून ठेवल्या होत्या, त्या रिकाम्या होत्या. शेवटची बस सातची, म्हणून बुवांचं गाणं ऐकायला मायलेकी थांबू शकल्या नसत्या. माझे यजमान त्यांना आपल्या गाडीतून थेट घरापर्यंत सोडून आले. बुवांचं गाणं त्यांना मिळालं नाही. त्यांनी कधी त्याचा उल्लेखही केला नाही.

आज तिचं नाव पुण्या-मुंबईच्या मोठ्या महोत्सवांच्या पत्रिकांवर असतं. आणि आता बाजारात, लग्नात, जत्रेत मला माणसं भेटतात, म्हणतात, "आम्ही तिला तेव्हाच ऐकलं होतं हां, तुमच्या सभेत." मला हे लागतं. मनापासून लागतं. वही माझ्याकडे आहे. एकोणीस नावं मला पाठ आहेत. ज्यांनी पोट भरून जेवून साडेआठला पुढच्या रांगेत येऊन बसायचं पसंत केलं, त्यांनी खुशाल बुवांची आठवण सांगावी. ती संध्याकाळ त्या एकोणीस जणांची आहे, आणि त्यांतले सहा आता नाहीत.

शास्त्रीय गाणारीच मुलं येतात असं नाही. पुष्कळशी कला अकादमीच्या भजन स्पर्धेतून वर आलेली असतात, कुणी बासरीवाला असतो. एके वर्षी आमच्याच गावच्या चतुर्थीच्या आरतीतली पाच पोरं आली, दोन घुमटं (मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं वाद्य), शामेळ हा ढोल, कांसाळं म्हणजे झांजा, आणि सोबत पलीकडच्या वाड्यावरचा गिटारवाला. आम्ही बँड केलाय म्हणाली. मंडळात दोन बैठका झाल्या. देवळात गिटार कशी, असं ज्येष्ठांचं म्हणणं. तेव्हा माझा भाऊ उठला. कॉलेजात असताना, १९८४ साली, त्यानं गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस याची ती पहिली कॅसेट घेतली होती. शिवोलीच्या घरात बसून, चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर रेमोनं ती एकट्यानं ध्वनिमुद्रित केली होती, आणि दुकानांत नेऊनही स्वतःच देत होता. माझा भाऊ म्हणाला, "त्या माणसाला पुढे पद्मश्री मिळाली. तेव्हा कुणी त्याला दारात उभा केला नसता तर?" शेवटी पोरांना देवळाबाहेर, दीपस्तंभापाशी जागा मिळाली.

त्यांच्यातला घुमटवाला मला फार आवडायचा. पूर्वी घुमटावर घोरपडीचं कातडं ताणत. कायद्यानं ते बंद झालं, आता बकरीचं लावतात. तो नाद यायला तसा कठीण. या पोरानं कातडं जाड-पातळ बघून, कमी-जास्त ताणून किती मडकी बाद केली त्याची गणती नाही. त्या संध्याकाळी मडक्याच्या मागच्या तोंडावर डाव्या तळव्याची उघडझाप करून त्यानं जो घुमारा काढला, तो देवळाच्या तळीच्या पलीकडून परत आला. २०१९ साली सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला. त्यांची गाणी आता पोरांच्या मोबाईलवर वाजतात. वहीत त्यांच्या पानावर सत्तावीस नावं आहेत, त्यांत ज्यांनी विरोध केला होता त्या दोन ज्येष्ठांचीही आहेत. ते आले आणि शेवटपर्यंत थांबले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

आता ज्यांच्याशिवाय एकही सभा उभी राहिली नसती त्यांची आठवण काढायला हवी, कोण राहून गेलं तर मला झोप लागायची नाही. तानपुरे लावणारे पोस्टमास्तरकाका. दर वर्षी पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन रिक्षातून येणारे आणि नवोदिताला साथ करायला कधीच मानधन न घेणारे पेटीवाले मास्तर. देवळाचे महाजन, ज्यांनी अग्रशाळेच्या खोल्या एकदाही नाकारल्या नाहीत. मांडवाचे दोघे भाऊ. जनरेटरवाला. ध्वनिक्षेपकवाला, आणि त्याचा तो मुलगा, जो तारा गुंडाळताना कोमट झालेला चहा पीत असायचा. स्वयंपाकघरातल्या बायका: खतखतं करणारी मावशी, मुगागाठीची जबाबदारी घेणाऱ्या दोघी नणंद-भावजय, मणगणं ढवळणारी वहिनी. पत्रिका फुकट छापून देणारे फोंड्याचे छापखानेवाले, आता ते नाहीत. पत्रिका घरोघर वाटणारी हायस्कूलची मुलं. फुलवाली आजी. रात्री दोनला सभामंडप झाडून काढणारा देवळाचा गडी, त्याचं नाव अहवालात तीन वर्षं राहून गेलं होतं, ती चूक माझी. आणि सत्तरी, काणकोण, सांग्यापर्यंत मुलांना रात्रीबेरात्री पोचवणारे सगळे गाडीवाले, माझ्या यजमानांसह.

ती मुलगी तीन वर्षांपूर्वी मुख्य गायिका म्हणून आली. देऊळ भरून माणसं बाहेर उभी होती. साडेआठची बैठक असूनही ती पाचलाच गाडीतून उतरली, कुणाला न सांगता. सांग्याचा एक मुलगा गाणार होता. ती सरळ जमखान्यावर बसली, पुढच्या खुर्च्या नाकारल्या, आणि मी हजेरीची वही घेऊन फिरत तिच्यापर्यंत पोचले तेव्हा तिनं पेन मागून घेतलं. मुलगा कानाला हात लावून गुरूंचं नाव घेत होता. वहीत तिनं आपलं नाव लिहिलं, सोळावं, आणि गावाच्या रकान्यात अजूनही सत्तरीतला तोच वाडा.