काकूंना हलकं हवं

हत्यारांच्या दुकानात कामाला आहे म्हटलं की लोक खुर्ची जरा मागे सरकवतात. त्यांना वाटतं, समोर दिवसभर गुंड नाहीतर फौजदार. खरं सांगायचं तर माझी बावीस वर्षं रजिस्टरात गेली. कुठलं हत्यार, नंबर काय, कुणाचं, कधी आलं, कधी गेलं, काडतुसं किती. विक्री म्हणाल तर आमच्या जिल्ह्याच्या गावात महिन्याला दोन-तीन झाल्या तरी शेठ पेढे आणतात. दुकान चालतं ते दुरुस्तीवर आणि ठेवीवर. ठेव म्हणजे लोकांची हत्यारं आमच्या स्ट्राँगरूममध्ये ठेवायची आणि भाडं घ्यायचं.

ही गोष्ट डिसेंबर २०२४ मधली. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, आचारसंहिता उठली, आणि निवडणुकीआधी कुणाचं हत्यार जमा करायचं हे ठरवणाऱ्या छाननी समितीने ज्यांना ज्यांना ते जमा करायला लावलं होतं ते सगळे परत न्यायला एकदम आले. पोलीस ठाण्यात जमा करता येतं, पण तिथल्या दमट खोलीत दोन महिन्यांत गंज धरतो म्हणून जाणकार आमच्याकडे टाकतात. त्या आठवड्यात निम्मे लोक पावती घरी विसरून आले होते. एक माजी सभापती तर म्हणाले, "अरे, मला ओळखत नाहीस का?" ओळखतो की! म्हणून तर पावती मागतो.

या गर्दीत साडेअकराच्या सुमाराला एक बाई आणि एक पोरगा आत आले. बाई पंचावन्नच्या पुढच्या, साधी सुती साडी, काखेत मोठी काळी पर्स. हायवेवर त्यांचा पेट्रोल पंप. यजमान दीड वर्षापूर्वी गेले आणि त्यांचं पिस्तूल तेव्हापासून आमच्याकडेच जमा होतं. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारसांपैकी कुणीतरी परवान्यासाठी अर्ज करायचा, बाकीच्यांनी हरकत नाही असं लिहून द्यायचं. ताईंचा परवाना कलेक्टर ऑफिसातून नुकताच आला होता.

पण बोलत होता तो पोरगा. पुतण्या.

"काकूंना हलकं हवं. छोटं. पर्समध्ये बसेल असं. आणि फार महाग नको."

चार वाक्यांत त्याने सगळं सांगून टाकलं. मग जरा आवाज उतरवून, "काकांचं ते जुनं आहे ना, ते काढून टाकू. माझाही परवाना येतोच आहे, तेव्हा मीच घेईन म्हणतो. घरातलं घरात राहील."

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते. आपल्याकडे सामान्य माणसाला ९ एमएम मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं ते माप खासगी परवान्यावर चालत नाही. सिनेमात दिसणारं काहीही मागू नका. लहान हत्यारात उरतं मुख्यतः .३२ आणि .२२. परदेशी मालाची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे त्याआधी देशात आलेलं एखादं इंग्रजी किंवा जर्मन पिस्तूल आज हातोहात फिरत काही लाखांना जातं. काकांचं 'जुनं' म्हणजे वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी कंपनीचं .३२ होतं. त्यांच्या वडिलांनी कुणाकडून तरी घेतलेलं. पुतण्याला त्याचा भाव माझ्याइतकाच पाठ असणार, हे मला त्याच्या 'काढून टाकू'मध्येच ऐकू आलं. पण गिऱ्हाइकाच्या घरात डोकावायचं नाही, असा शेठचा नियम आहे. मी हिरवं कापड अंथरलं.

आधी 'निर्भीक' हे छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, २०१४ मध्ये बाजारात आलं तेव्हा १,२२,३६० रुपये किंमत होती, दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर बायकांसाठी म्हणून वर्तमानपत्रांत गाजलं. वजन अर्धा किलोच्या आसपास. दागिन्याच्या डबीसारख्या मरून पेटीत यायचं. बायकांना द्यायची वस्तू म्हटली की आपल्याला डबीच सुचते! मग कानपूरचं नेहमीचं .३२ रिव्हॉल्व्हर, जाडजूड, पण वर्षानुवर्षं चालणारं. मग ईशापूरचं 'अशनी' पिस्तूल. 'प्रबळ' २०२३ मध्ये आलंय, बाजूला उघडणाऱ्या सिलेंडरचं, ते तेव्हा आमच्याकडे नव्हतं. लाखाच्या आत-बाहेरचा हा सगळा खेळ, त्यावर त्या वेळी २८ टक्के जीएसटी. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय, खासगी विमान आणि यॉटच्या पंगतीत. परवडणारं पिस्तूल मागणाऱ्याला मी आता आधी पाणी देतो.

"परवाना त्यांचा आहे, हाताळणार त्याच," असं सांगून मी अशनी रिकामं असल्याचं दाखवलं आणि ताईंच्या हातात दिलं. पिस्तुलात पहिलं काडतूस चेंबरमध्ये घालायला वरचा स्लाइड मागे ओढून सोडावा लागतो. लहान पिस्तुलात हा जास्त जड जातो, कारण आत धक्का थोपवायला स्प्रिंग कडक आणि पकडायला जागा कमी. लोकांना हे उलटं वाटतं. लहान म्हणजे सोपं, हलकं म्हणजे बायकांचं. हलकं हत्यार हातात जास्त उडतं आणि आखूड नळीवर नेम चुकायला बोटाची जराशी थरथर पुरते. खिशाला जे सोयीचं ते हाताला गैरसोयीचं, हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी तरीही 'त्याहून छोटं' मागतं.

ताईंनी दोनदा ओढलं. अर्ध्यावर आलं. तिसऱ्यांदा पुतण्याने हात पुढे केला, "द्या काकू, मी करून देतो," आणि खटकन ओढला. ओढताना नळी थेट आमच्या पोऱ्याच्या पोटावर. पोऱ्या सरावलेला, गपकन खाली बसला. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

मग रिव्हॉल्व्हर. स्लाइडची भानगड नाही, पण घोडा, म्हणजे मागची हातोडी, न चढवता नुसता चाप ओढायचा तर बोटाला ताकद लागते. डमी काडतुसं घालून मी त्यांना सहा वेळा ओढायला लावतो. पहिले तीन सगळ्यांचे होतात. चौथ्याला मनगट वाकडं व्हायला लागतं. ताईंचं पाचव्याला वाकलं. "अंगठ्याने घोडा चढवून मग ओढा की," पुतण्या म्हणाला. बरोबर आहे, चाप एकदम हलका होतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात घोडा चढवलेलं रिव्हॉल्व्हर द्यायचं आणि मग तो खाली उतरवायलाही त्यालाच सांगायचं, याच्यासारखी वाईट कल्पना नाही. मागे बसलेले आमचे सुभेदार, फौजेतून निवृत्त आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, कानशीने काहीतरी घासत होते. ते घासायचे थांबले. तेवढंच त्यांचं मत.

पर्सचंही मी सांगितलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी लहान हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशा धारकात, पूर्ण झाकलेलं आणि माणसाच्या ताब्यात हवं. कमरेला दिसेल असं लटकवून लग्नात फिरणारे आपले पुढारी हा नियम रोज मोडतात आणि कुणी काही बोलत नाही, ती गोष्ट वेगळी. पण पर्स म्हणजे ताबा नव्हे. बाई पर्स खुर्चीवर ठेवते, गाडीत ठेवते, देवळात दुसरीच्या हातात देते. हे मी सांगत होतो तेव्हा ताईंची पर्स दाराजवळच्या स्टुलावर होती आणि त्या काउंटरपाशी. त्यांनी मागे वळून पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या.

.३२ म्हणजे एकच काडतूस नव्हे, हेही सांगून झालं. पिस्तुलाचं वेगळं, रिव्हॉल्व्हरचं लांब आणि कडा असलेलं वेगळं. परवान्यावर आकडा एकच, म्हणून माणसं दुसऱ्याचंच मागतात. आमच्या फळीवर खडकीच्या कारखान्याची, बुडाला 'केएफ' शिक्का असलेली दोन्ही होती. पुतण्या जांभया देत होता. त्याचं सगळं लक्ष स्ट्राँगरूमच्या दाराकडे.

"भाऊ, यांचं ते जरा बघता येईल?" ताई म्हणाल्या.

काढून आणलं. वेब्लीचं .३२ चपटं असतं, ६०० ग्रॅमच्या आतलं, कोट घालणाऱ्या माणसासाठी केलेलं. लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये हेच घेतलं होतं. म्हणजे पुतण्याला जे 'छोटं, हलकं' काकूंसाठी हवं होतं ते शंभर वर्षांपूर्वीच बनून त्यांच्याच घरात पडलं होतं. या पिस्तुलाची एक गंमत आहे. स्लाइडची स्प्रिंग गुंडाळीची नाही, उजव्या मुठीच्या पट्टीखाली व्ही आकाराचं पातं असतं. ते तुटलं की बाजारात मिळत नाही. सुभेदारांनी तशी पाती पोलाद तापवून, तेलात विझवून स्वतः बनवली आहेत. आयुष्यात बनवलेल्या अकरापैकी तीन मोडली, ती तीनही ते डब्यात जपून ठेवतात. या पिस्तुलातलं पातं त्यांनीच घातलेलं. ताईंनी ते हातात घेतलं आणि स्लाइड पूर्ण मागे ओढला.

मी चकित झालो. "हे कसं जमलं?"

"दर दसऱ्याला पूजेला मीच पुसायची, भाऊ. त्यांना कुठला वेळ."

मग मी माझी जुनी युक्ती केली. पुतण्याला म्हटलं, आधारची झेरॉक्स लागेल, समोरच्या गल्लीत मिळते. झेरॉक्सचं मशीन आमच्या काउंटरखालीच आहे. तो गेला.

"ताई, तुम्हाला नक्की काय हवंय?"

त्यांनी पिस्तूल कापडावर ठेवलं. म्हणाल्या, "मला ते बाळगायचंच नाही. बाळगून काय करू? पंपावर दोन पोरं आहेत, कॅमेरे आहेत. पण माझ्याकडे आहे हे माहीत पाहिजे."

"कुणाला?"

त्या काही बोलल्या नाहीत. काचेच्या दाराबाहेर पाहत राहिल्या. रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या रांगेत तो पोरगा फोनवर बोलत उभा होता.

तासभर मी वजन, नळी, चाप, स्प्रिंग, होल्स्टर असं पाजळत होतो. बावीस वर्षांत मी कुणालाही पहिला प्रश्न हा विचारला नाही, की लपवायचं कुणापासून आणि दाखवायचं कुणाला. आमच्या भागात परवाना हा निम्मा दागिनाच असतो, हे मला काय माहीत नव्हतं? गावात 'त्याच्याकडे आहे' असं कळलं की बस्स, मग ते कपाटात गंजलं तरी चालतं. पण हा दागिना घरच्याच माणसासमोर घालायचा असतो, हे त्या दिवशी कळलं.

पंपात दिराचा वाटा होता की नाही, भांडण कोर्टात होतं की जेवणाच्या ताटावर, मी विचारलं नाही. त्यांनी मला फक्त एकच विचारलं, "नावावर करून घेतलं तर इथंच ठेवता येईल का?"

येतं. सगळं कायदेशीर आहे. वेब्ली त्यांच्या परवान्यावर चढलं. एकदा पेटीतून नेऊन अधिकाऱ्यांना दाखवून आणलं, नंबर तपासून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताई ते परत घेऊन आल्या, एकट्या. ठेवीची पावती केली. पावती त्यांनी आमच्याकडेच ठेवली, परवाना तेवढा पर्समध्ये टाकला.

नवं हत्यार विकलं गेलं नाही म्हणून शेठ दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. सुभेदार म्हणाले, "चांगलं झालं. जे वापरायचं नाही ते माझ्याकडेच चांगलं राहतं."

मला मात्र चैन पडेना. मी त्यांना बाळगण्यापासून वाचवलं, हे खरं. पण आता त्या बाईच्या घरात पिस्तूल आहे असं समजणारा एक माणूस आहे आणि तिथे पिस्तूल नाही. समजा त्याने तिला घाबरायचं ठरवलं तर उत्तम. समजा त्याने तेच आधी हाती लागावं असं ठरवलं तर? ठेव म्हणजे आमच्या दृष्टीने स्ट्राँगरूममधला एक कप्पा आणि रजिस्टरातली एक ओळ. त्या ओळीने बाहेर काय उभं केलंय ते मला दिसत नाही. शेठना बोललो तर म्हणाले, "तू फार वाचतोस."

गणपतीच्या आधी एका संध्याकाळी दुकानात फोन आला. पुतण्या. अगदी गोड आवाजात, "नमस्कार साहेब, काकूंचं सर्व्हिसिंग करायचं होतं. त्यांनी शेवटी कुठलं घेतलं हो? काकांचंच ना?"

"काकूंना विचारा."

"विचारलं हो, सांगत नाहीत." मग जरा थांबून, "घरात कुठं दिसत नाही ते."

मी फोन ठेवला. दहा मिनिटं रजिस्टर उघडून बसलो आणि मग ताईंना फोन लावला. जे जसं बोलला तसं सांगितलं. पलीकडे पंपावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "भाडं वर्षाचं किती होतं, भाऊ?"

सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या खात्यावर पाच वर्षांचं भाडं जमा झालं होतं. शेठनी मला बोलावून पाठ थोपटली. म्हणाले, गिऱ्हाईक असं सांभाळावं.