जाळीचं दार, दोन मांजरं आणि तान्हं बाळ

छत्रीसारखी उघडणारी बाळाची मच्छरदाणी मांजरालाही अडवते, असं कोणी सांगितलं तर घरातली पाच किलो तांदळाची पिशवी तिच्यावर ठेवून बघा. आम्ही ठेवली. तारा वाकल्या आणि जाळी थेट गादीला टेकली, बाळाचं तोंड जिथे असणार होतं बरोबर तिथेच. आमचा बोका ढब्बू पाच किलोचा आहे, आमची मांजरी साय साडेतीन किलोची, आणि जाळीचा खोलगट भाग म्हणजे मांजराला आयता झोपाळाच. मच्छरदाणी डासांसाठी जरूर घ्या, ठाण्यात तिच्यावाचून निभत नाही. मांजरासाठी दार लागतं.

बायको सातव्यानंतर नेरूळला माहेरी जाणार, बाळंतपण तिकडे, आणि सव्वा महिन्याने बाळ घोडबंदर रोडच्या आमच्या टू बीएचकेत येणार, असा बेत होता. म्हणजे घर तयार करायला मला साडेतीन महिने मिळाले.

एक काम मात्र दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात सुरू झालं: लिटरचा ट्रे, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी वाळूसारखं लिटर भरलेलं तबक, साफ करायचं काम माझ्याकडे आलं. नातेवाईक ज्या भीतीने ‘मांजरं सोडून द्या’ म्हणतात, ती टॉक्सोप्लाझ्मोसिसची, म्हणजे गरोदरपणात पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या एका परजीवीच्या संसर्गाची. भीती खोटी नाही, पण तिचं गणित समजून घ्यावं. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून परजीवीची सूक्ष्म अंडी पडतात. पडल्या पडल्या ती संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ व्हायलाच हवा, आणि तो गरोदर बाईने करायचा नाही. घरात कोणी दुसरं नसेल तर तिने हातमोजे घालून करावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. ट्रे धुताना उकळतं पाणी ओता. नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत, उष्णतेला देतात. मांजर कायम घरात असेल आणि शिजवलेलं किंवा पाकिटातलं खात असेल तर धोका फार कमी. अर्धकच्चं मटण, न धुतलेली पालेभाजी आणि कुंड्यांची माती यांतून तो जास्त येतो. या संसर्गाच्या आयजीजी आणि आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या) तपासण्या डॉक्टरांना विचारून सुरुवातीलाच करून घ्या. आयजीजी आधीपासून असेल, म्हणजे संसर्ग पूर्वीच होऊन गेला असेल, तर डॉक्टर बरेच निर्धास्त होतात.

आता दार. बाळाची खोली नुसती बंद ठेवली तर रडणं बाहेर ऐकू येत नाही, शिवाय मांजरं दारावर धडका देतात. म्हणून आहे त्या दाराच्या चौकटीला बाहेरून जाळीचं दुसरं दार लावलं. ॲल्युमिनियम सेक्शनचं काम करणारा कोणीही एका दिवसात बसवून देतो, पण त्याला नीट सांगावं लागतं, कारण त्याच्या डोक्यात फक्त डास असतात. जाळी फायबरची नको, स्टेनलेस स्टीलची हवी. आम्ही आधी फायबरची घेतली आणि खालच्या कोपऱ्यात आठवड्यात मूठभर भोक पडलं. खालचा फूटभर भाग जाळीचा न ठेवता पत्र्याचा करून घ्या, पंजे सगळे तिथेच चालतात. फट बोटभराहून जास्त नको. बिजागऱ्या स्प्रिंगच्या हव्यात, म्हणजे हातात दुपटी-बाटल्या असताना दार आपोआप मिटतं. आणि मॅग्नेटवर विसंबू नका. ढब्बू अंग टेकून उभा राहिला की मॅग्नेट सुटायचा. शेवटी छातीच्या उंचीवर दोन्ही बाजूंनी कड्या बसवल्या. मुलांसाठी मिळणारं अडीच फुटी गेट मांजरापुढे काहीच नाही. चार-पाच फुटांची उडी ते न पळता मारतं.

दार लागलं त्या दिवसापासून ती खोली मांजरांना बंद. बाळ आलं त्याच दिवशी बंद केली असती तर त्यांच्या लेखी दोन गोष्टी जुळल्या असत्या: हे आलं आणि आपली जागा गेली. पहिले बारा-तेरा दिवस पहाटे दारासमोर गायन झालं. उठून दार उघडलं नाही की ते थांबतं. एकदा जरी उघडलं तरी पहिल्यापासून सुरुवात. त्या बदल्यात हॉलमध्ये कपाटाच्या माथ्यावर एक चटई टाकली आणि तिथवर चढायला फळी ठोकली. मांजराला उंचावर जागा मिळाली की ते खालचा गोंधळ तिथून बघत बसतं.

ट्रेचा नियम, मांजरं अधिक एक. दोन मांजरांना तीन. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तीन ट्रे ठेवायचे कुठे, हा प्रश्न मला कळतो, पण तिसऱ्याने फरक पडतो. आमचा एक ट्रे नेमका बाळाच्या खोलीत होता. तो उचलून एकदम बाल्कनीत ठेवला तर मांजर जुन्या जागीच फरशीवर बसतं. म्हणून दार लागायच्या आधीच तो रोज हातभर सरकवत नेला, अठरा दिवस लागले. (बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी आहेच, पण मांजर ती कुरतडतं. खालच्या चार फुटांना तारेची जाळी लावून घ्या.)

रडण्याची सवय फोनवरच्या रेकॉर्डिंगने लावली. आवाज आधी इतका बारीक की मांजराचा फक्त कान हलेल, आणि तो खाण्याच्या वेळीच. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, दर तीन-चार दिवसांनी फोनचा आवाज एक घर वाढवायचा. मांजर ताट सोडून गेलं तर दोन घरं मागे यायचं. पूर्ण आवाजापर्यंत जायला महिना लागतो.

व्हेटकडची कामं बाळ यायच्या निदान महिनाभर आधी उरकावीत: रेबीजची लस, जंताचं औषध आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा, पिसवांसाठी मानेवर टाकायचं औषध. हे औषध मांजराचंच हवं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष. पावसाळ्यात अंगावर केस गेलेला गोल चट्टा दिसतो का ते बघा. तो गजकर्णाचा असेल तर तो आधी बाळाला सांभाळणाऱ्यांना होतो आणि मग बाळाला, शिवाय पर्शियन मांजरांत तो कधी कधी चट्ट्याशिवायही असतो. नसबंदी झाली नसेल तर तीही याच काळात. नखं दर दहा-बारा दिवसांनी: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. नुसतं पारदर्शक टोक कापायचं, आतली गुलाबी शीर सोडून. जेवून सुस्तावलेलं असताना एका बैठकीत चार नखं झाली तरी पुष्कळ.

घरात धोक्याच्या वस्तू बाळाबरोबरच येतात. जुनी बाळंत्याची पेटी माळ्यावरून काढली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. नॅप्थलीन मांजराला घातक, आणि काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटून कावीळ वाढते. कपडे गोळ्यांसकट नुसते उन्हात टाकून भागत नाही, दोनदा धुवा. फिनाईल बंद करा, आणि पाण्यात घातल्यावर पांढरी होणारी अँटिसेप्टिक द्रावणंही. त्यांतली फिनॉलं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पायांना लागलेलं सगळं ते चाटतं. फरशी साबणाच्या पाण्याने पुसा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर तापासाठी मिळणारे पॅरासिटामॉलचे थेंब झाकण लावून कपाटात ठेवा. पॅरासिटामॉलच्या एका साध्या गोळीने मांजर दगावतं. भेटीला येणारे फुलांचे गुच्छ आणतात, त्यात लिली असली तर गुच्छ दाराबाहेरच. तिच्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडं जातात.

बारसं संपल्यावर तर झाडू घेऊन खोलीभर फिरा. फुग्यांच्या रिबिनी, पाळण्याच्या झालरीचे धागे, मनगट्यांचा काळा दोरा. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो, आणि आतड्यात तो करवतीसारखा ओढला जातो. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका. तसंच व्हेटकडे न्या.

पाळणा मी आधी जोडून ठेवला नाही. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, आणि मांजराच्या बाबतीत ते सोयीचंच ठरलं: मऊ गादीची रिकामी पेटी महिनाभर पुढ्यात राहिली तर ती त्याचीच होते. साडीची झोळी तर नकोच. मांजर झोळीत उडी मारतं, ती मिटते, आणि दोघं एकाच खळग्यात येतात. मांजर बाळाचा काही डूख धरत नाही. त्याला ऊब हवी असते, आणि झोपलेल्या बाळाचं डोकं-मान ही घरातली सगळ्यात उबदार जागा. तान्ह्या बाळाला मान वळवून तोंड मोकळं करता येत नाही. बाळ उताणं, टणक सपाट गादीवर, उशी-पांघरुणांच्या ढिगाशिवाय, आणि त्या खोलीत झोपेच्या वेळी मांजर नाही. रात्री नाही, दुपारी नाही, ‘दोन मिनिटं दूध गरम करून येते’ म्हणूनही नाही.

मांजराचा केस पोटात जाण्याची भीती थोरल्यांना सगळ्यात जास्त असते. गेलेला केस शीतून निघून जातो. मला चाटण्याची काळजी जास्त वाटते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात आणि नुसत्या चाटण्यातून तान्ह्या बाळांना गंभीर संसर्ग झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. त्यात बाळाच्या अंगाला खोबरेल, गालाला दूध, म्हणजे आमंत्रणच. दूध पाजून झालं की तोंड-मान ओल्या फडक्याने पुसायची.

बाळ झाल्यावर एक वापरलेलं दुपटं झिपच्या पिशवीत घालून नेरूळहून ट्रान्स-हार्बर लोकलने घरी आणलं. ते मांजराच्या नाकाशी धरायचं नाही, खाण्याच्या ताटापासून दोनेक हातांवर टाकून आपण कामाला लागायचं. सायने हुंगलं आणि शेजारी बसली. ढब्बू दोन दिवस लांबून जात होता, तिसऱ्या दिवशी गाल घासले. गाल घासले म्हणजे झालं. दर चार-पाच दिवसांनी नवं दुपटं, कारण वास उडतो.

घरी आणायच्या दिवशी मांजरं दुसऱ्या खोलीत. बाळ दाराबाहेर आजीच्या मांडीवर थांबलं आणि आई एकटी आत आली, पंधरा मिनिटं मांजरांजवळ बसली. तीन महिन्यांनी भेटणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्याच क्षणी अनोळखी काही नको. मग भाकरतुकडा ओवाळून बाळ जाळीच्या खोलीत गेलं आणि तासाभराने मांजरं हॉलमध्ये सुटली. पहिले पाच दिवस फक्त जाळीतून बघणं, त्या वेळी जाळीजवळच खाऊ. त्यानंतर आईच्या मांडीवर बाळ, शेजारी मी, मांजर स्वतःहून आलं तर पाच मिनिटं. शेपटीचं टोक फटफट आपटायला लागलं किंवा कान मागे गेले की भेट संपली.

या सगळ्यातला कच्चा दुवा मालिशच्या मावशी. तेलाचे हात, कडेवर बाळ, कडी कोण लावणार? “मावशी, तुम्ही आत गेलात की मला हाक मारा, कडी मी लावतो,” असं ठरवलं तेव्हा सुटलं. धुरीची शेगडीही त्यांनी मागितली. ओवा-शेपांचा का असेना, धूर तो धूरच, बाळाच्या फुप्फुसांना आणि मांजराच्याही, शिवाय निखाऱ्याशेजारी शेपटी. आम्ही नाही म्हटलं, त्या चार दिवस रुसल्या.

बोका असेल तर पहिला महिना ट्रेमधले लघवीने लिटरचे झालेले गोळे मोजा. एका मांजराचे दिवसाला दोन ते चार असतात. ताणाने बोक्याची लघवी तुंबते. तो ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि गोळा नाही, असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ समजून दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. बाळाच्या कपड्यांवर मुतलं तर तोही ताणच. मारायचं नाही, पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे जाळीच्या आतल्या स्टँडवर न्यायचे.

ओरखडा उठलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण रडणाऱ्या बाळासमोर पंधरा मिनिटं फार लांबतात. हळद, चुना काही भरायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. मांजराला लस दिलेली आहे हे सांगायचं, पण निर्णय त्यांचा. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. लस महापालिकेच्या रुग्णालयात मिळते. त्वचेतल्या पद्धतीने ० (म्हणजे पहिला डोस), ३, ७ आणि २८ या दिवशी, आणि यातली एकही तारीख चुकवायची नाही.

आता बाळ सात महिन्यांचं आहे, पालथं पडतं, मान धरतं, पुढे सरकायला लागलंय. बाल्कनीचा उंबरा त्याला अजून जमत नाही, पण फार दिवस नाहीत. कालपासून ट्रे पुन्हा सरकायला लागला आहे, या वेळी बाथरूमकडे, रोज हातभर.