श्वास घेताना पोट आत गेलं

फाइल जाड होती. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, अँजिओग्राफीसुद्धा नॉर्मल. शेवटच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘चिंतेमुळे धाप’, आणि खाली झोपेची गोळी. आडवं होताच दम कोंडणाऱ्या माणसाला झोपेची गोळी!

गृहस्थ पंचेचाळिशीचे, अंगाने सडपातळ. “हे रात्रभर खुर्चीत बसून असतात,” त्यांच्या पत्नी सांगत होत्या. “जिना चढतात, एखादा मजला चढल्यावर थांबावं लागतं इतकंच. पण पाठ टेकली की लगेच उठून बसतात.”

आडवं झाल्यावर धाप म्हटलं की आम्ही डॉक्टर आधी हृदयाचा विचार करतो, आणि ते बरोबरच आहे. पण हृदय थकलेलं असेल तर पायांतलं रक्त छातीकडे सरकायला, फुफ्फुसांत दाब वाढायला थोडा वेळ जातो. इथे डोकं उशीला टेकायचा अवकाश, की धाप हजर.

मग त्या गृहस्थांनी जरा संकोचत आणखी एक गोष्ट सांगितली. पोहण्याच्या तलावात कमरेपर्यंत पाणी असेल तोवर ठीक, छातीपर्यंत आलं की गुदमरायला होतं. एक हातसुद्धा मारलेला नसतो तरी. हे याआधी सांगितलं तेव्हा, म्हणे, समोरचे हसले होते. मी मात्र त्यांना लगेच टेबलावर उताणं व्हायला सांगितलं, शर्ट वर केला आणि स्टेथोस्कोप बाजूला ठेवून नुसती पोटाकडे बघत राहिले.

छाती वर आली आणि पोट आत गेलं. पुढच्या श्वासाला पुन्हा तेच. मानेचे स्नायू दोरीसारखे ताणले होते. चार-पाच श्वासांतच ते उठून बसले.

निरोगी माणसात याच्या उलट घडतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल, म्हणजे डायफ्रॅम, घुमटासारखं ताणलेलं असतं. कडेने स्नायू, मधोमध पांढरा चिवट कंडरा. स्नायू आकुंचन पावला की घुमट खाली उतरतो. शांत श्वासात जेमतेम एक-दोन सेंटीमीटर, पण तेवढ्यात फुफ्फुसांत हवा येते आणि खाली दाबली गेलेली आतडी-यकृत पोटाची भिंत पुढे ढकलतात. घुमट लुळा पडला, तर बरगड्यांचे आणि मानेचे स्नायू छाती फुगवतात खरे, पण त्या ओढीने श्वासपटलच वर खेचलं जातं आणि त्यामागून पोट आत जातं.

बसल्यावर यकृत आणि आतडी स्वतःच्या वजनाने खाली राहतात. शिवाय असे रुग्ण नकळत एक युक्ती शिकतात. श्वास सोडताना पोट आवळून घुमट वर ढकलायचा आणि मग पोट सैल सोडायचं, की घुमट आपोआप खाली येतो आणि अर्धा श्वास फुकटात मिळतो. उताणं झोपलं की ही सोय जाते. छातीपर्यंतच्या पाण्यातही जाते, कारण बाहेरून पाणी पोट दाबून धरतं. त्या तलावाच्या तक्रारीतच निदान होतं.

श्वासपटलाची भोकं कोणत्या मणक्यांच्या पातळीला, हे विद्यार्थी घडाघडा म्हणतात. महाशीर आठव्या, अन्ननलिका दहाव्या, महाधमनी बाराव्या. परीक्षेत मार्कही मिळतात. उताण्या रुग्णाच्या पोटाकडे निवांत बघायला मात्र कुणी शिकवत नाही, याचा मला राग येतो.

जुना एक्स-रे मागवला. दोन्ही घुमट वर चढलेले, आणि रिपोर्टात, ‘रुग्णाने पुरेसा श्वास घेतलेला नाही.’ शब्दशः खरं होतं ते! मग बसवून आणि झोपवून फुंकर चाचणी केली. बसून 2.4 लिटर, झोपून 1.2. निरोगी माणसात आडवं झाल्यावर सहसा दहा टक्क्यांहून कमी घट होते, इथे थेट निम्मं. सोनोग्राफीत बरगड्यांच्या आतल्या बाजूला श्वासपटलाची पट्टी दिसते. खोल श्वास घेताना ती किमान वीस टक्के तरी जाड व्हायला हवी. त्यांची दोन्हीकडची पट्टी पातळ, आणि जाडी होती तेवढीच.

“मानेत, खांद्यात कधी दुखलं होतं?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काही महिन्यांपूर्वी तापानंतर दोन्ही खांदे रात्रंदिवस ठणकत होते, हात वर होत नव्हता. हळूहळू बरं वाटलं, म्हणून विसरून गेले. छातीच्या डॉक्टरांना खांद्याचं काय सांगायचं?

पण संबंध आहे. गर्भात श्वासपटलाची सुरुवात मानेच्या पातळीला होते, आणि खाली सरकताना ते आपली नस सोबत ओढत आणतं. म्हणून ही फ्रेनिक नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मज्जारज्जू-मुळांतून निघून छातीभर प्रवास करते. खांद्या-हाताच्या नसा तिच्या शेजारूनच निघतात. पार्सोनेज आणि टर्नर यांनी 1948 मध्ये वर्णन केलेल्या आजारात या नसांना अचानक सूज येते आणि क्वचित फ्रेनिकही सापडते. दोन्ही बाजूंच्या सापडणं त्याहून दुर्मीळ. नसांच्या तपासणीत दोन्हीकडून प्रतिसाद शून्य आला.

रोज सकाळी डोकं का दुखायचं, तेही उलगडलं. स्वप्नांच्या झोपेत बरगड्यांचे आणि मानेचे स्नायू सैल पडतात, श्वासाचा भार जवळजवळ एकट्या श्वासपटलावर येतो. त्यांच्याकडे तेच नव्हतं, त्यामुळे रात्रभर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायचा. त्याच रात्री बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, मास्क लावला. डोकेदुखी आठवड्याभरात गेली.

खराब झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुन्हा वाढते, आणि तिला मानेपासून श्वासपटलापर्यंत यायचं असतं. “धीर धरावा लागेल, आणि पूर्ण बरं होईलच असं सांगता येत नाही,” हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दीड वर्षानंतरच्या सोनोग्राफीत डावी पट्टी जाड होऊ लागली होती, उजवी अजून गप्प होती. ते आता दोन उशांवर झोपतात, मास्क लावूनच. “डॉक्टर, तलावात उतरू का?” असं विचारलं, तेव्हा मी कमरेपर्यंतच्या पाण्याला परवानगी दिली.