बिदरचा मदरसा: उन्हाची वेळ साधून जा

उदगीरहून बिदर एसटीने दोनेक तास. आम्ही जेवून निघालो आणि चारच्या सुमारास महमूद गावानच्या मदरशासमोर उभे राहिलो. तिथंच चुकलं. इमारतीचं तोंड पूर्वेला, ऊन मागून. निळ्या फरशा पार काळपट दिसत होत्या. मुकाट्याने लॉज शोधला आणि सकाळी पुन्हा गेलो.

सकाळचा मनोरा वेगळाच. सुमारे १३० फूट उंच, अंगभर नागमोडी पट्टे. जवळ गेल्यावर कळतं की हा रंग नाही, फरशीचे तुकडे कापून बसवलेत. निळे, पिवळे, पांढरे, हिरवे. निम्मे गळून पडलेत आणि मागचा चुना उघडा पडलाय.

आपल्याकडे गावान माहीत असतो तो खेळणा किल्ल्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या स्वारीमुळे. इराणातल्या गिलानचा हा माणूस व्यापार करत आला आणि बहमनींचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने गोवा जिंकलं, त्याच सुमारास हा मदरसाही उभा राहिला. समरकंदच्या धर्तीवर तीन मजले, मधे चौक, भोवती विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या खोल्या, मशीद, ग्रंथालय. त्याला स्वतःला मात्र तो जेमतेम नऊ वर्षं लाभला. दरबारातल्या वैऱ्यांनी त्याचा शिक्का मिळवून ओरिसाच्या राजाला फितुरीचं खोटं पत्र लिहिलं आणि सुलतानाने १४८१ मध्ये त्याचं डोकं उडवलं.

आग्नेयेचा कोपरा आणि दुसरा मनोरा शोधू नका, ते उरलेले नाहीत. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा ठेवला होता, त्याचा १६९६ मध्ये स्फोट झाला. शाळेत दारूगोळा ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल!

खोल्यांत जरूर डोकवा. भिंती इतक्या जाड की बाहेर ऊन असूनही आत गारवा. चटई टाकून बसावंसं वाटतं. मग चालत किल्ल्याकडे निघा. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, किल्ला मोठा आहे. किल्ल्यातला रंगीन महाल बंद दिसला तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, आम्हाला उघडून दाखवला. बिदरी काम, म्हणजे काळ्या धातूवरची चांदीची नक्षी, घ्यायचं असेल तर घाई नको; चांदीची तार ठोकून बसवताना पाहा, मग भाव करा. मराठी बऱ्याच ठिकाणी चालून जाते. जेवायला गुरुद्वारा नानक झिराचा लंगर आहे. परतीची शेवटची एसटी मात्र उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा.