पट्टीवरचं नाव

मार्च २०१९. हळदीचा हंगाम भरात होता. दुपारी फोन आला, "साहेब, पट्टी प्रिंट होईना. तुमचंच सॉफ्टवेअर हाय, मदतीत तुमचा नंबर दिसतोय." दुकानाचं नाव विचारलं, गाव विचारलं. गिऱ्हाइकांची वही काढून पाहिली. ते दुकान वहीत नव्हतं.

मी सांगलीत राहतो आणि अडत दुकानांसाठी पट्टीचं सॉफ्टवेअर लिहितो. शेतकऱ्याचा माल विकला गेला की वजन, भाव, त्यातून जाणारी हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल, हे सगळं मांडून हातात पडणारी रक्कम ज्या कागदावर येते ती पट्टी. हा हिशेब वरून सोपा दिसतो. प्रत्येक दुकानाची रीत वेगळी, बारदानाचं वजन धरायची पद्धत वेगळी, उचल वळती करून घ्यायची पद्धत वेगळी. ते सगळं समजून घ्यायला मला चार हंगाम लागले होते.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेलो. मालक वयस्कर, साधे. "बसा साहेब, आधी चहा घ्या." प्रिंटरचं किरकोळ काम होतं, पाच मिनिटांत झालं. मग मी विचारलं, हे सॉफ्टवेअर कुणी बसवलं? कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने, तीन हजार रुपये घेऊन. त्यांनी पावतीसुद्धा दाखवली. आपण रीतसर विकत घेतलंय अशीच त्यांची समजूत होती. त्यांच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. परवानगी घेऊन प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं आणि घरी आलो.

रात्री ती एक्झी फाईल, म्हणजे चालणारा प्रोग्राम, आयएलस्पायमध्ये उघडली. तयार प्रोग्राममधून त्याचा कोड परत वाचून दाखवणारं हे टूल. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ते माहीत असतं. आधी या कामाला सगळे रिफ्लेक्टर वापरायचे, २०११ मध्ये त्याला पैसे पडणार असं जाहीर झालं आणि त्यातून हे फुकटचं, खुल्या कोडचं टूल उभं राहिलं. मी ते दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या समजून घ्यायला अनेकदा वापरलं होतं. स्वतःची एक्झी त्यात कधी उघडली नव्हती.

डाव्या बाजूला माझी फंक्शनं ओळीने उभी होती. नावं मी मराठीच ठेवतो: हमालीकाप, तोलाईकाप, उचलवळती. 'उचलवळती'वर क्लिक केलं आणि चार हंगामांचं काम पडद्यावर आलं, अगदी मी लिहिलं तसं. मी ज्या सी शार्प भाषेत लिहितो, तिचा कोड थेट प्रोसेसरच्या भाषेत जात नाही. तो आधी आयएल नावाच्या मधल्या भाषेत उतरतो आणि चालताना त्याचा मशीन कोड होतो. रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला, लागतात म्हणून क्लासची, फंक्शनची, प्रॉपर्टीची नावं त्या मधल्या भाषेत जशीच्या तशी राहतात. एरवी फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलची नावं तरी गळून जातात. पण सेटअप बनवताना मी पीडीबी फाईलीही, म्हणजे चुका शोधायला लागणारी माहिती असलेल्या फाईलीही, सोबत दिल्या होत्या, त्यामुळे तीही वाचता येत होती. गेल्या होत्या त्या फक्त माझ्या कॉमेंट.

मग परवाना तपासणारं फंक्शन पाहिलं. माझ्या मूळ कोडमध्ये ते साठ-सत्तर ओळींचं होतं. इथे एकच ओळ होती: खरं आहे असं सांग आणि परत जा. आयएलमध्ये हे दोन बाइटचं काम, १७ आणि २ए. पहिला बाइट एक हा आकडा ठेवतो, दुसरा फंक्शनमधून बाहेर पडतो. डीएनस्पाय या कोड बदलूही देणाऱ्या टूलमध्ये एक्झी उघडून, फंक्शन बदलून, सेव्ह करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. रस्ताही मीच दाखवला होता. 'परवान्याची मुदत संपली आहे' हे वाक्य एक्झीत उघडं होतं. ते शोधायचं आणि ते कुठून दाखवलं जातं हे मागे मागे बघत जायचं, की तपासणीचं फंक्शन सापडतं.

त्या रात्री याहून वाईट गोष्ट दिसली. डेटाबेसच्या 'एसए' या सगळे अधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड कोडमध्ये सरळ लिहिलेला होता, आणि सगळ्या दुकानांत तो एकच होता. म्हणजे माझ्या एका गिऱ्हाइकाची एक्झी ज्याच्या हातात, त्याच्याकडे सगळ्यांच्या डेटाची किल्ली. कोणत्या शेतकऱ्याची किती उचल, कुणाचे किती पैसे अडकलेत, हे बाहेर जाणं म्हणजे बाजारात त्या माणसाची पत जाणं. चोरीचं दुःख मला नंतर झालं, आधी या पासवर्डची भीती वाटली. पहिलं काम तेच केलं. प्रत्येक दुकानात बसवतानाच वेगळा पासवर्ड तयार व्हावा आणि विंडोजच्या डीपीएपीआय या गुप्त माहिती जपणाऱ्या सुविधेने त्या मशीनपुरता कुलूपबंद राहावा, अशी सोय केली. सगळ्या दुकानांत स्वतः जाऊन बदल करायला दीड महिना लागला.

त्यानंतर कोड लपवायच्या मागे लागलो. एक फुकट मिळणारं ऑब्फस्केटर, म्हणजे कोड वाचता येऊ नये असा गुंतवून टाकणारं टूल, घेतलं आणि सगळे पर्याय चालू करून एक्झी त्यातून काढली. आयएलस्पायमध्ये आता नुसतं 'ए', 'बी', 'सी' दिसत होतं. मला फार बरं वाटलं. प्रोग्राम चालू केला तर पट्टीच्या तक्त्यात हमालीचा रकाना रिकामा. तोलाईचाही. एरर मात्र कुठेच नाही. ग्रिडचा, म्हणजे त्या तक्त्याचा, रकाना कोडमधल्या प्रॉपर्टीला तिच्या नावाने बांधलेला असतो आणि ते नाव साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं. ऑब्फस्केटरने प्रॉपर्टीचं नाव बदललं, स्ट्रिंग तशीच राहिली, नातं तुटलं. रिपोर्टचंही तेच झालं, आणि एक्सएमएलमध्ये साठवलेली जुनी सेटिंगची फाईल प्रोग्राम वाचेना. जिथे जिथे नावाने शोध होतो ते सगळे क्लास एकेक करून वगळावे लागले. डॉटनेटमध्ये त्यासाठी ऑब्फस्केशन नावाचं ॲट्रिब्यूट असतं, त्यात 'वगळा' असं सांगता येतं. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

ते जमल्यावर दोन दुकानांत नवी आवृत्ती दिली. आठवड्यात एका दुकानातून फोन: आयकॉन आहे, प्रोग्राम नाही. अँटीव्हायरसने एक्झी उचलून बाजूला ठेवली होती. गुंडाळलेला, चालताना स्वतःला उलगडणारा कोड व्हायरसवालेही लिहितात, त्यामुळे असा संशय येतो. सौदे झाले होते, शेतकरी पट्टीसाठी दुकानात बसले होते, आणि शेठ हाताने पट्ट्या लिहीत होते. हा माणूस पहिल्या वर्षापासून माझा गिऱ्हाईक, एक पैसा बुडवलेला नाही. चोरी दुसऱ्याने केली आणि त्रास याला झाला. त्या दिवशी मी ठरवलं की पैसे देणाऱ्या माणसाचं काम अडेल असा कोणताही बंदोबस्त करायचा नाही.

आणि इतकं करून मिळत काय होतं? मीच माझ्या त्या एक्झीवर डी-फोर-डॉट हे गुंतवलेला कोड सोडवणारं टूल चालवून पाहिलं. लपवलेली वाक्यं सगळी परत साफ दिसू लागली. नावं मात्र परत आली नाहीत, ती एकदा गेली की गेली. 'उचलवळती'च्या जागी 'मेथड ४१' असं काहीसं उरलं. म्हणून नावं बदलण्याचा तेवढा पर्याय आजही चालू ठेवतो आणि बाकीचे बंद. पण जुन्या-नव्या नावांची मॅप फाईल प्रत्येक आवृत्तीसोबत जपून ठेवा. नाहीतर गिऱ्हाइकाने एररचा फोटो पाठवला की त्यातलं 'ए डॉट बी डॉट सी' वाचून काही कळत नाही.

मशीनला कुलूप लावायचाही प्रयत्न केला. मदरबोर्डचा सिरियल नंबर घेऊन त्यावर परवाना बांधला. दोन वेगवेगळ्या गावांतल्या दुकानांचा नंबर एकच आला! उघडून पाहिलं तर नंबराच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' हा मजकूर होता. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरांत ती जागा अनेकदा कुणी भरतच नाही. ड्राइव्हचा व्हॉल्यूम नंबर घ्यावा तर फॉरमॅट मारला की तो बदलतो, आणि आपल्याकडे दुरुस्तीवाले आधी फॉरमॅटच मारतात. शेवटी हार्ड डिस्कचा मूळ सिरियल नंबर, मदरबोर्डचा नंबर आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता असे तीन घेतले. तिन्हींतले दोन जुळले की पुरे. तारखेचंही तसंच. मुदत वाढावी म्हणून घड्याळ मागे नेणारे असतात, पण जुन्या मशीनचा घड्याळ चालू ठेवणारा सीमॉस सेल उतरला तरी तारीख मागेच जाते. म्हणून शेवटच्या पट्टीपेक्षा आजची तारीख मागची दिसली तर आम्ही फक्त तारीख तपासायला सांगतो, कुलूप लावत नाही.

खरा बदल झाला तो परवान्याच्या पद्धतीत. आधी दुकानाचं नाव आणि एक गुप्त शब्द मिळून मी किल्ली बनवायचो. तो गुप्त शब्द आणि ते सूत्र दोन्ही एक्झीतच होते, म्हणजे वाचणारा स्वतः किल्ल्या पाडू शकत होता. आता आरएसए या पद्धतीच्या २०४८ बिटांच्या दोन किल्ल्यांची जोडी आहे. खासगी किल्ली माझ्याकडे, इंटरनेट नसलेल्या मशीनवर. एक्झीत फक्त सार्वजनिक किल्ली, जिने सही तपासता येते, करता येत नाही. परवान्याच्या फाईलीत दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, मुदत, मशीनची खूण आणि त्यावर माझी सही.

तरी तपासणीचं फंक्शन दोन बाइटांत गप्प करता येतंच. यावर एका ओळखीच्या प्रोग्रामरने सुचवलं, "चोरीची कॉपी असेल तर हिशेब हळूच चुकव. आपोआप वैतागतील." मी साफ नाही म्हटलं. पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाते. वर्षभर राबून आणलेल्या मालाचा आकडा माझ्या कोडने मुद्दाम चुकवायचा? आणि माझी तपासणीच चुकली तर? प्रामाणिक दुकानातही खोट्या पट्ट्या निघतील. आकड्यांना हात लावायचा नाही, हे मी आजही पाळतो.

केलं ते एवढंच: पट्टीच्या डोक्यावरचं दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर सेटिंगमधून काढून टाकले. ते आता फक्त सही केलेल्या परवान्यातून येतात, आणि छापतानाच सही पुन्हा तपासली जाते. दुसऱ्या दुकानाच्या नावाची पट्टी शेतकऱ्याला कोण देणार? हेही तोडता येतं, पण त्यासाठी छपाईचा सगळा भाग उलगडून नीट समजून घ्यावा लागतो, आणि तीन हजारांसाठी तेवढे दिवस कुणी बसत नाही.

वकिलांनाही भेटलो. त्यांनी प्रताधिकार कायदा १९५७ समोर ठेवला. कलम ५२ प्रमाणे रीतसर विकत घेणाऱ्याला स्वतःसाठी बॅकअप ठेवता येतो, प्रोग्राम कसा चालतो याचा अभ्यासही करता येतो, आणि ते मला योग्यच वाटतं, मीही तसाच शिकलो. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला कलम ६३बी लागतं: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. त्या मालकांवर ते लावायचा विचार माझ्या मनात आला नाही, त्यांनी जाणूनबुजून काही केलंच नव्हतं. नोंदणी मात्र करून घेतली. फी पाचशे रुपये. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं पुरतात, पण त्यातलं काही झाकता येत नाही. म्हणून 'उचलवळती' मधल्या पानांत राहील अशी फाईलींची मांडणी केली.

त्या वयस्कर मालकांना मी सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तुमचे किती होतात ते सांगा." त्यांचे तीन हजार वजा करून उरलेले घेतले.

गेल्या हंगामात पुन्हा एक अनोळखी फोन आला. "साहेब, सॉफ्टवेअर झकास चालतंय, पण पट्टीवर आमचं नाव येईना. दुसऱ्याच दुकानाचं येतंय." कुणाचं येतंय ते विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. ते नाव माझ्या वहीत होतं. गाव आणि पत्ता लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने, सही केलेला नवा परवाना पेनड्राइव्हवर घेऊन, तिकडे गेलो.