'ऑनर'ला मराठीत काय म्हणायचं? वर्गातली एक दुपार

मी पुण्यात एका कॉलेजात फ्रेंच शिकवते. एमएच्या मुलांबरोबर दरवर्षी व्हिक्टर ह्यूगोचं 'एर्नानी' वाचते, सात वर्षं झाली आता, आणि गेल्या आठवड्यातल्या एका लेक्चरनंतर माझ्या सगळ्या जुन्या नोट्स परत काढून बसलेय, म्हणून हे लिहितेय.

नाटकाची सुरुवात मी कधीच घाईत उरकत नाही. स्पेनमधलं घर, रात्र, एर्नानीच्या प्रेयसीची, दोन्या सोलची, म्हातारी सोबतीण, चोरदारावर टकटक होते आणि ती म्हणते, 'सरेस देजा ल्वी? से बियँ ना लेस्कालिये' (तोच आला वाटतं? हो, जिन्यावरच) आणि इथे बारा अक्षरं भरून ओळ संपते, पण वाक्य संपत नाही! 'देरोबे' (छुपा, चोर-) हा शब्द पुढच्या ओळीत जाऊन पडतो. म्हणजे चोरजिन्यातला जिना इकडे आणि चोर तिकडे. आपल्याकडे यतिभंग झाला की कानाला कसं खटकतं, तसंच काहीसं. २५ फेब्रुवारी १८३० ला पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेजमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा जुने नियम पाळणारे आणि ह्यूगोच्या बाजूचे नवे यांच्यातलं भांडण या पहिल्याच ओळीपासून पेटलं असं कवी तेओफिल गोतिएने लिहून ठेवलंय, तो स्वतः लाल जाकीट घालून ह्यूगोच्या बाजूने हजर होता. ह्यूगो दुसऱ्या दिवशी २८ वर्षांचा होणार होता. मुलांना हे सांगताना मला दर वेळी तेवढीच मजा येते.

तर त्या दिवशी आम्ही तिसऱ्या अंकावर होतो. एर्नानी डाकू, त्याच्या मागावर खुद्द राजा, आणि तो आसरा घेतो म्हाताऱ्या रुई गोमेझच्या गढीत, ज्याचं दोन्या सोलशी लग्न ठरलंय, ती त्याची पुतणी असून. राजा येतो, डाकू दे म्हणतो. म्हातारा त्याला भिंतीवरचे पूर्वजांचे फोटो, म्हणजे चित्रं, एकेक करून दाखवतो आणि सांगतो की पाहुण्याला विकणारा आमच्यात कोणी झाला नाही. मग राजा दोन्या सोललाच ओलीस घेऊन जातो. आणि एर्नानी, आधी राजाचा सूड घेऊ दे म्हणून, आपलं शिंग म्हाताऱ्याच्या हातात देतो, कधीही वाजव, मी मरायला तयार, बापाच्या शिराची शपथ.

या नाटकाचं उपशीर्षकच 'कास्टिलियन ऑनर' असं आहे. मी फळ्यावर लिहिलं 'ऑनर' आणि मुलांना म्हटलं मराठीत सांगा. मान, इज्जत, अब्रू, इभ्रत, प्रतिष्ठा, शब्द, भराभर आले. मग म्हटलं आता पात्रांना वाटून द्या. म्हाताऱ्याला इभ्रत, एर्नानीला शब्द, पटकन झालं. दोन्या सोलला? एक मुलगा म्हणाला अब्रू.

मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्षभरात चार वाक्यं बोलली नसेल, ती म्हणाली, "मॅम, अब्रू घराण्याची असते ना, तिने फक्त सांभाळायची. तिचं स्वतःचं काय?" आणि मग म्हणाली, पाचही अंकांची नावं बघा, राजा, डाकू, म्हातारा, थडगं, लग्न. तिचं नावच कुठे नाही.

सात वर्षं मी ती नावं वाचतेय.

मग तिने आत्याचं सांगितलं (तिला विचारूनच लिहितेय). आजोबांनी भर बैठकीत शब्द दिला होता, लग्नाच्या आधी कळलं मुलगा दारू पितो, आजी रडली, आजोबा म्हणाले दिलेला शब्द माघारी घेत नसतात, आणि लग्न झालं. गावात अजूनही लोक म्हणतात अण्णा म्हणजे शब्दाला पक्का माणूस. एवढंच बोलून ती बसली. वर्गात कोणी हललं नाही, आणि मला काय बोलावं खरंच सुचेना, म्हणून मी तिलाच पाचव्या अंकाचा शेवट मोठ्याने वाचायला सांगितला.

तिथे राजाने सगळं माफ केलंय, लग्न लागलंय, आणि रात्री शिंग वाजतं. एर्नानी शब्दाला जागायला निघतो. दोन्या सोल आधी विनवते, भांडते, आणि मग विषाची कुपी ओढून घेऊन अर्धी स्वतः पिते, उरलेली त्याच्या हातात देते आणि म्हणते माझी तक्रार करू नको, तुझा भाग ठेवलाय. शपथ तिने घेतलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलीने त्या ओळीचं भाषांतर आणून दिलं. "माझ्या नावाने कुरकुर नको करू, तुझा वाटा काढून ठेवलाय." मला म्हणाली, मॅम 'वाटा' चालेल का, आत्या हेच म्हणते, काका रात्री उशिरा येतात तेव्हा, ताट झाकून ठेवलेलं असतं.

माझ्या नोट्समध्ये तिथे 'हिस्सा' लिहिलेलं होतं. ते खोडलं.